बालसाक्षीदार आणि त्यास विचारलेले प्रश्न

फौजदारी खटल्यात लहान मुलाची साक्ष घ्यावी की घेऊ नये, हा प्रश्न ज्या स्वरूपात सामान्यतः विचारला जातो त्या स्वरूपात त्याचे उत्तर देता येत नाही. कारण त्यात दोन निरनिराळे प्रश्न एकत्र झालेले असतात. साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे राहण्यास ते मूल पात्र आहे काय, हा पहिला. आणि तेथे उभे राहून ते जे सांगते त्यावर न्यायालयाने कितपत विसंबावे, हा दुसरा. पहिल्यास सक्षमतेचा प्रश्न म्हणतात, दुसऱ्यास विश्वासार्हतेचा. सुमारे अडीचशे वर्षांच्या वाटचालीत कायद्याने पहिला प्रश्न जवळजवळ निकालात काढला आहे. दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरासाठी न्यायालये जी साधने वापरतात ती मात्र, प्रस्तुत लेखकाच्या मते, अपुरी आहेत. आणि त्यांचा अपुरेपणा मुलाच्या ठिकाणी नसून मुलास प्रश्न विचारणाऱ्या मोठ्या माणसांकडे न पाहण्याच्या सवयीत आहे.

हा वाद केवळ पांडित्याचा नव्हे. घराच्या चार भिंतींच्या आत घडणाऱ्या खुनास पुष्कळदा घरातील मुलाखेरीज दुसरा साक्षीदार नसतो. आणि ज्या गुन्ह्यात मूल स्वतःच अत्याचारास बळी पडते तेथे तर दुसरा साक्षीदार असण्याचा संभवही कमी. मुलाची साक्ष सरसकट अग्राह्य ठरविली, तर ज्याच्या समक्ष गुन्हा करणे सर्वांत निर्धोक असा मनुष्य कोण हे कायद्यानेच गुन्हेगारास सांगून ठेवल्यासारखे होईल. उलट ती निष्काळजीपणे स्वीकारली, तर आजी, मामा किंवा पोलिस अंमलदार यांच्या संशयाने मुलाच्या तोंडून बोलावे आणि एखाद्या निरपराध माणसाने जन्मठेप भोगावी, असेही घडू शकेल.

आपल्याकडील धर्मशास्त्रकारांसही ही अडचण जाणवली होती. याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायात असाक्षींची जी गणना आहे तीत स्त्री, वृद्ध, जुगारी, उन्मत्त यांच्या पंक्तीस बालकही बसविलेले आहे. परंतु त्याच प्रकरणात थोडे पुढे गेल्यावर स्त्रीसंग्रहण, चौर्य, पारुष्य आणि साहस या वादांत कोणीही साक्षी चालेल, अशी सूट दिलेली आढळते. देण्याघेण्याच्या व्यवहारात साक्षी निवडून ठेवता येतो, साहसात तो दैवाने मिळेल तसा घ्यावा लागतो, हा त्यामागील व्यवहारी विचार स्पष्ट आहे. मनूने अन्य साक्षी नसताना बालकाची साक्ष घेण्यास मुभा दिली, पण त्याचे बोलणे अस्थिर समजावे असा इशाराही दिला. नारद याहून कठोर. साहसाच्या वादातली सूटदेखील त्याने बालकास नाकारली आणि कारण दिले ते असे की, बालक अज्ञानामुळे खोटे बोलते. दुष्टपणा नव्हे, अज्ञान. आधुनिक मानसशास्त्राने हा प्रश्न जेथे आणून ठेवला आहे, त्याच्या फार जवळ जाणारा हा भेद आहे.

इंग्लंडच्या कायद्यात या प्रश्नाची मांडणी शपथेच्या अंगाने झाली. १७७९ साली ब्रेझियर याच्या खटल्यात सात वर्षांखालील एका मुलीवरील हल्ल्याचा आरोप होता. मुलगी स्वतः न्यायालयापुढे आलीच नव्हती. घरी परतल्याबरोबर तिने जी हकीकत सांगितली ती तिच्या आईने व घरातील एका भाडेकरू स्त्रीने न्यायालयास सांगितली. प्रकरण बारा न्यायाधीशांपुढे गेले व त्यांनी निर्णय दिला की, शपथेवाचून कोणाचीही साक्ष घेता येणार नाही. मात्र शपथ देण्यास वयाची ठाम मर्यादा नाही. शपथेचे स्वरूप व ती मोडल्याचे परिणाम मुलास कळतात असे न्यायालयाची खात्री पटल्यास सात वर्षांखालील मूलही साक्ष देऊ शकेल. वयाची भिंत अशा रीतीने पडली, पण तिच्या जागी धर्मज्ञानाची परीक्षा आली. ही परीक्षा कशी चाले याचा नमुना अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या १८९५ च्या व्हीलर खटल्यात सापडतो. खून झालेल्या माणसाचा मुलगा साक्षीस उभा होता. त्याचे वय साडेपाचच्या आसपास. खरे आणि खोटे यांतला फरक आपणांस कळतो, खोटे बोलल्यास वाईट माणूस आपल्याला धरील, असे त्याने सांगितले. आणि न्यायमूर्ती ब्रूअर यांनी ती साक्ष ग्राह्य ठरविली. आपल्या सत्र न्यायालयांत आजही मुलास नाव, शाळा, इयत्ता विचारून झाल्यावर खोटे बोलल्यास काय होते असे विचारतात, आणि देव शिक्षा करतो, हे उत्तर ऐकून प्राथमिक चौकशी पूर्ण झाली असे समजले जाते. वाईट माणसाच्या जागी देव आला, एवढाच काय तो फरक.

भारतीय पुराव्याचा कायदा जेम्स फिट्झजेम्स स्टीफन यांनी रचला आणि १८७२ साली तो अमलात आला. त्याच्या ११८ व्या कलमाने हा सर्व गुंता एका वाक्यात सोडविला. कोवळे वय, अतिवार्धक्य, शारीरिक वा मानसिक व्याधी किंवा तत्सम कारणामुळे विचारलेले प्रश्न समजण्यास किंवा त्यांची सुसंगत उत्तरे देण्यास जो असमर्थ आहे असे न्यायालयास वाटेल, त्याखेरीज प्रत्येक व्यक्ती साक्ष देण्यास सक्षम आहे, असे हे कलम सांगते. यात वयाचा आकडा नाही, ईश्वर नाही आणि शपथही नाही. प्रश्न समजणे व सुसंगत उत्तर देणे, एवढीच अट आहे. १ जुलै २०२४ पासून पुराव्याच्या कायद्याची जागा भारतीय साक्ष्य अधिनियमाने घेतली असून तेथे हीच तरतूद १२४ व्या कलमात आली आहे.

शपथ मात्र मागच्या दाराने पुन्हा आत आली. १८७३ च्या शपथ-अधिनियमानुसार साक्षीदारास शपथ देणे आवश्यक होते. मग मूल लहान आहे म्हणून न्यायाधीशाने जाणूनबुजून शपथ दिली नाही, तर त्या साक्षीचे काय? मुंबई व पाटणा येथील न्यायालयांनी ती ग्राह्य मानली, अलाहाबादेने वेगळा मार्ग धरला. अखेर १९३९ साली कायद्यात दुरुस्ती होऊन बारा वर्षांखालील मुलास सत्य बोलण्याचे कर्तव्य कळत असेल, पण शपथेचा अर्थ कळत नसेल, तर शपथेवाचून त्याची साक्ष घेण्याची मोकळीक मिळाली. सध्याच्या १९६९ च्या शपथ-अधिनियमातही ती चौथ्या कलमात कायम आहे. सोमालीलँडमधून आलेल्या एका अपिलात प्रिव्ही कौन्सिलने हे सर्व तपासले, कारण त्या प्रदेशास भारतीय पुराव्याचा कायदा लागू होता. इंग्लंडात १९३३ च्या कायद्याने मुलाची अशपथ साक्ष स्वीकारताना पुष्टिकारक पुराव्याची सक्ती केली होती. भारतीय कायद्यात तशी सक्ती नाही, परंतु पुष्टीवाचून अशा साक्षीवर विसंबू नये हा व्यवहारातला शहाणपणाचा नियम आहे, असे प्रिव्ही कौन्सिलने म्हटले.

स्वतंत्र भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने रामेश्वर विरुद्ध राजस्थान राज्य या खटल्यात यावर शेवटचा हात फिरविला. हा निर्णय १९५२ च्या निर्णयग्रंथांत प्रसिद्ध झाला असून तो विद्यार्थ्यांनी मुळातून वाचावा, इतका त्यातील युक्तिवाद नितळ आहे. साक्षीदार होती आठ वर्षांची मुलगी, आणि ती स्वतःच गुन्ह्यास बळी पडलेली. तिला शपथेचे पावित्र्य कळत नाही, असे खालच्या न्यायाधीशाने नोंदविले. परंतु सत्य बोलण्याचे कर्तव्य तिला कळते की नाही, याविषयी काहीच लिहिले नाही. या चुकीमुळे तिची साक्ष बाद ठरते काय? न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी उत्तर दिले की, सक्षमतेचा निर्णय ११८ व्या कलमाने होतो, शपथ-अधिनियमाने नव्हे. शपथ न दिल्याचा परिणाम साक्षीच्या वजनावर होईल, तिच्या ग्राह्यतेवर नाही. तथापि मुलास सत्य बोलण्याचे कर्तव्य कळते असे आपले मत आणि त्या मताची कारणे न्यायाधीशांनी नेहमी लिहून ठेवावीत, असेही त्यांनी बजावले. घटनेनंतर सुमारे चार तासांनी मुलीने आईस जे सांगितले, ते पुराव्याच्या कायद्याच्या १५७ व्या कलमान्वये पुष्टी म्हणून चालेल, असेही ठरले. ब्रेझियर खटल्यात आईच्या तोंडून आलेली जी हकीकत मुलीच्या साक्षीची जागा घेऊ शकली नव्हती, तिला येथे त्या साक्षीचा आधार होण्याचे स्थान मिळाले.

येथपर्यंत आल्यावर सक्षमतेचा प्रश्न सुटल्यासारखाच आहे. इतर देशही हळूहळू याच ठिकाणी आले. पाच वर्षांच्या मुलीस साक्षीस उभे करण्यावर इंग्लंडचे सरन्यायाधीश लॉर्ड गोडार्ड यांनी १९५८ साली वॉलवर्क खटल्यात कडक ताशेरे ओढले होते. त्याच देशात २०१० साली बार्कर खटल्यात साडेचार वर्षांच्या मुलीच्या साक्षीवर आधारलेली शिक्षा अपिलात कायम झाली. कॅनडाने तर २००६ पासून चौदा वर्षांखालील प्रत्येक मूल सक्षमच गृहीत धरले आहे. त्याने खरे बोलण्याचे वचन तेवढे द्यावयाचे. त्या वचनाचा अर्थ काय, असे त्यास विचारण्यासच कायद्याने मनाई केली. यामागे संशोधनाचा आधार होता. थॉमस लायन, व्हिक्टोरिया तलवार, कांग ली यांच्या प्रयोगांतून असे दिसले की, खरे-खोटे यांची व्याख्या करता येणे आणि प्रत्यक्षात खरे बोलणे यांचा संबंध अत्यंत क्षीण आहे. उलट साधे वचन घेतल्याने मुले अधिक खरे बोलतात. देव शिक्षा करतो, हे उत्तर मुलाच्या घरच्या संस्कारांविषयी काही सांगत असेल, त्याच्या साक्षीविषयी फारसे सांगत नाही.

आता विश्वासार्हतेकडे वळू. या बाबतीत आपल्या न्यायालयांच्या मनातील द्वंद्व सुरेश विरुद्ध उत्तर प्रदेश राज्य या १९८१ च्या निर्णयाइतके अन्यत्र उघड झालेले नाही. घरच्या नोकरावर मालकिणीच्या आणि तिच्या एका लहान मुलाच्या खुनाचा आरोप होता. वाचलेला पाच वर्षांचा दुसरा मुलगा, जो स्वतःही जखमी झाला होता, तोच मुख्य साक्षीदार. सरन्यायाधीश यशवंत विष्णु चंद्रचूड यांनी लिहिले की, मुले प्रत्यक्ष पाहिलेल्या गोष्टींत आपण पाहिल्या असे त्यांस वाटणाऱ्या गोष्टी मिसळतात, आणि त्यांच्या विस्कळीत विचारांस सुसंगती यावी म्हणून थोडेफार पढविणे अपरिहार्यच असते. तरीही इतर परिस्थितीचा आधार पाहून दोषसिद्धी कायम झाली. मात्र पाच वर्षांच्या मुलाच्या शब्दावर फाशी देण्यास न्यायालयाचे मन धजले नाही, आणि शिक्षा जन्मठेपेवर आली. तर्ककठोर वाचक येथे अडेल. साक्ष संशयातीत असेल तर ती जन्मठेपेस पुरेशी आणि फाशीस अपुरी कशी? पण ही विसंगती प्रामाणिक आहे. मुलाच्या साक्षीत संशयाचा एक असा अंश उरतो, जो नेहमीच्या मोजमापात धरता येत नाही, याची ती कबुली आहे.

हा अंश नेमका कोणता? पढविलेला साक्षीदार हा आपल्या न्यायालयांतला जुना शब्द. त्यात कोणीतरी हेतुपुरस्सर शिकवितो आणि मूल पोपटासारखे म्हणते, असे चित्र आहे. तसे घडतेही, आणि कुशल वकिलाच्या उलटतपासात ते बहुधा उघडकीस येते. परंतु मानसशास्त्रज्ञांनी ज्यास सूचनवशता म्हटले, म्हणजे दुसऱ्याने सुचविलेली गोष्ट आपलीच समजून स्वीकारण्याची प्रवृत्ती, ती याहून वेगळी आहे. १९११ च्या सुमारास बेल्जममध्ये एका खून खटल्याच्या निमित्ताने वॅरेनडोंक यांनी सात वर्षांच्या अठरा मुलांस आपल्या शाळेतील एका शिक्षकाच्या दाढीचा रंग विचारला. सोळांनी काळा असे सांगितले. त्या शिक्षकास दाढीच नव्हती. मुलांस कोणी पढविले नव्हते. दाढी प्रश्नातच होती.

याहून अधिक बोधप्रद प्रयोग लाइक्टमन आणि सेसी यांनी १९९५ साली अमेरिकेत प्रसिद्ध केला. सॅम स्टोन नावाचा एक अनोळखी मनुष्य तीन ते सहा वर्षांच्या मुलांच्या वर्गात दोन मिनिटे येऊन गेला. त्याने कशासही हात लावला नाही. काही मुलांस तो येण्यापूर्वी त्याच्या वेंधळेपणाच्या गोष्टी सांगितल्या होत्या आणि तो गेल्यावर दहा आठवड्यांत चार वेळा असे प्रश्न विचारले होते की, ज्यांत सॅम स्टोनने पुस्तक फाडले व खेळण्यातले अस्वल मळविले हे गृहीतच धरलेले होते. पुढे एका नव्याच व्यक्तीने काय घडले ते सांगा म्हटल्यावर या गटातील तीन-चार वर्षांच्या मुलांपैकी ४६ टक्के मुलांनी न घडलेल्या या गोष्टी आपण होऊन सांगितल्या. स्पष्ट विचारल्यावर ७२ टक्क्यांनी होकार दिला. आणि खरेच तसे घडले का असे दरडावल्यावरही २१ टक्के मुले आपल्या म्हणण्यावर ठाम राहिली. ज्यांना आधी काही सांगितले नव्हते आणि नंतर काही सुचविले नव्हते, त्या मुलांपैकी एकानेही आपण होऊन खोटी गोष्ट सांगितली नाही. मुलांच्या सांगण्याची चित्रफीत तज्ज्ञांस दाखविली तेव्हा खरे सांगणारी कोणती आणि चुकीचे सांगणारी कोणती, हे त्यांस ओळखता आले नाही.

या प्रयोगाची अर्धीच बाजू सांगण्याची चाल आहे, आणि बचावाचे वकील ती आवर्जून सांगतात. दुसरी अर्धी बाजू तितकीच महत्त्वाची आहे: सूचनेचा संसर्ग न झालेले तीन-चार वर्षांचे मूल मोकळ्या प्रश्नास थोडक्यात, पण बहुधा अचूक उत्तर देते. मूल स्वभावतः खोटे बोलते हा समज जसा चुकीचा, तसाच मुले खोटे बोलत नाहीत हा समजही चुकीचा. मुलाच्या साक्षीचे मोल ते कसे बोलते यापेक्षा न्यायालयात येण्यापूर्वी त्यास कोणी, किती वेळा आणि कोणत्या शब्दांत विचारले, यावर अधिक अवलंबून असते.

या निकषावर आपली पद्धत तपासली म्हणजे तिची उणीव दिसू लागते. दत्तू रामराव सखारे विरुद्ध महाराष्ट्र राज्य या १९९७ च्या निर्णयापासून मध्यप्रदेश राज्य विरुद्ध बलवीरसिंग या फेब्रुवारी २०२५ च्या निर्णयापर्यंत सूत्र असे आहे की, मुलाची साक्ष विश्वसनीय वाटल्यास तिच्या आधारे शिक्षा देता येते, मात्र पढविल्याची शक्यता काळजीने तपासावी. बलवीरसिंग खटल्यात सुमारे सात वर्षांची मुलगी आईच्या खुनाची साक्षीदार होती आणि आरोपी तिचा बाप. उच्च न्यायालयाने तिची साक्ष झिडकारून आरोपीस सोडले होते. सर्वोच्च न्यायालयाने ती स्वीकारून दोषसिद्धी पुन्हा कायम केली, आणि मूळ हकीकतीत पाठीमागून पडलेली भर व मुळापासून रचलेली कथा यांत फरक केला पाहिजे असे सांगितले. हा भेद मोलाचा आहे. पण तो ओळखावयाचा कसा? सांगण्यातील विसंगती, आधीच्या जबाबातील उणिवा, उलटतपासातील डळमळ, हीच ती परिचित साधने. सॅम स्टोनविषयी ठामपणे सांगणारे मूल या तिन्ही कसोट्यांस उतरले असते.

उलटतपासाविषयी आणखी एक गोष्ट नोंदविली पाहिजे. सूचक प्रश्न सरतपासात निषिद्ध आणि उलटतपासात मुक्त, हा आपला नियम प्रौढ साक्षीदार डोळ्यांपुढे ठेवून केलेला आहे. मुलाच्या बाबतीत तो दुधारी ठरतो. जे मूल पोलिसांच्या सूचनेस मान डोलावते, तेच वकिलाच्या सूचनेसही मान डोलावते. आणि अशा रीतीने एखाद्या पूर्णपणे सत्यवादी मुलाकडूनही हवी ती विसंगती वदवून घेता येते. लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणाऱ्या २०१२ च्या अधिनियमाने हे काही अंशी ओळखले. त्या खटल्यांत वकिलाने प्रश्न न्यायाधीशाकडे द्यावयाचे व न्यायाधीशाने ते मुलास विचारावयाचे; आरोपी मुलाच्या दृष्टीस पडू नये; मुलास वारंवार न्यायालयात बोलावू नये; पोलिसांपुढील किंवा दंडाधिकाऱ्यांपुढील जबाब शक्य तेथे ध्वनिचित्रमुद्रित करावा. स्मृती तुकाराम बडदे विरुद्ध महाराष्ट्र राज्य या प्रकरणात २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने अशा असुरक्षित साक्षीदारांसाठी स्वतंत्र साक्षकेंद्रे उभारण्याचे आदेश सर्व उच्च न्यायालयांस उद्देशून दिले. या सर्व व्यवस्थेत मुलाच्या भीतीचा विचार पुष्कळ आहे. प्रश्नाच्या नोंदीचा त्या मानाने कमी.

प्रदीप विरुद्ध हरियाणा राज्य या २०२३ च्या निर्णयात न्यायमूर्ती अभय ओक यांनी प्राथमिक चौकशीतील प्रश्न आणि उत्तरे दोन्ही नोंदविली गेली पाहिजेत, म्हणजे अपील न्यायालयास स्वतः पाहता येईल, असे सांगितले. ती चौकशी वरवरची झाली, हे त्या खटल्यातील शिक्षा रद्द होण्याच्या कारणांपैकी एक होते. हाच न्याय पुढील संपूर्ण साक्षीस का लागू करू नये? सत्र खटल्यात साक्ष सामान्यतः निवेदनाच्या स्वरूपात लिहून घेतात. मुलास विचारले जाते, त्या काकांनी तुला हात लावला ना? मूल मान हलविते. कागदावर उमटते ते असे: आरोपीने मला हात लावला. प्रश्न नाहीसा होतो, मान हलविणे नाहीसे होते, आणि मुलाच्या तोंडी त्याने कधीही न उच्चारलेले, व्याकरणशुद्ध, कर्ता-कर्म-क्रियापद जुळलेले वाक्य राहते. अपिलात बसलेले न्यायाधीश नंतर या वाक्याच्या सफाईवरून ते पढविलेले आहे की काय, याचा विचार करीत बसतात. पोलिस जबाबात तर हे रूपांतर याहूनही सर्रास होते.

साक्षीचा कोणताही भाग प्रश्नोत्तररूपाने लिहून घेण्याचा अधिकार सत्र न्यायाधीशास १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या २७६ व्या कलमाने दिलेलाच होता, आणि नव्या नागरिक सुरक्षा संहितेतही तो कायम आहे. त्यासाठी नवा कायदा नको. बारा वर्षांखालील साक्षीदाराची सबंध साक्ष, मोडक्यातोडक्या शब्दांसह आणि मौनासह, प्रश्नोत्तरांतच घेण्याचा प्रघात पाडता येईल. तसेच आई, शिक्षिका, शेजारीण अशा ज्या व्यक्तीजवळ मूल प्रथम बोलले, ती १५७ व्या कलमासारख्या तरतुदीखाली साक्षीस येईल तेव्हा मुलाने काय सांगितले एवढेच तिला न विचारता, तिने मुलास काय म्हणून विचारले होते, हेही त्याच शब्दांत विचारता येईल. रामेश्वर खटल्यातील आईने त्या चार तासांनंतर मुलीस नेमके काय विचारले, आणि मुळात काही विचारले की मुलगी आपण होऊनच बोलली, हा प्रश्न त्या निर्णयाच्या युक्तिवादात महत्त्वाचा ठरला नव्हता. आज तो प्रथम विचारावयास हवा.